लाल कुत्र्याला पिल्लं का झाली नाहीत

मामंजी, त्या दिवशी भर बैठकीत तुम्ही जे बोललात, ते लिहिताना आजही माझे कान तापतात. म्हातारी झाले, तरी ती लाज काही जात नाही.

आपल्या लाल कुत्र्याचं तेव्हा केवढं नाव होतं! निजामाचं राज्य, येडशीच्या रानात लांडगे, आणि तो एकटा मेंढरं राखायचा. त्याच्यासारखी पिल्लं हवीत म्हणून परंड्याच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांनीसुद्धा आपली कुत्री पाठवली होती. कुत्र्याच्या अंडाच्या गोळ्या पोटातच अडकलेल्या, खाली पिशवीत उतरल्याच नव्हत्या, हे तुम्हाला ठाऊक होतं. "वय झालं की उतरत्याल," म्हणत राहिलात. कुत्रीवर तर तो जोमानं चढायचा, मग शंका कोण घेणार? पिल्लं झाली नाहीत की सगळे कुत्रीलाच वांझ म्हणायचे. पुढं अमीनसाहेबांची तीच कुत्री गावातल्या एका खरजुल्या कुत्र्यापासून व्याली. ते ऐकलंत आणि तुम्ही भाकरी अर्धी टाकून उठलात. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

घरात माझीही तीच गत होती. मूल नाही म्हणून सासूबाई मला कुणाच्या बारशाला जाऊ देत नव्हत्या, आणि तुमच्या लेकाला दुसरी बायको करायचं ठरलं होतं. सास्तूरचे पाहुणे आपल्या मुलीची सुपारी फोडायला आले. मी दाराआड उभी. तुम्ही सुपारी उचललीत आणि परत ताटात ठेवलीत.

"पाव्हणं, पोर देऊ नका. माझ्या पोराचं बी त्या कुत्र्यागतच हाय. ल्हानपणी सुईण म्हणली, उतरत्याल. न्हाय उतरल्या. सुनंत खोट न्हाय."

तुमचा लेक ताडकन उठून गेला, तो पुन्हा जन्मात तुमच्याशी बोलला नाही. पाणवठ्यावर बाया मला बघून तोंडाला पदर लावायच्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं व्हायचं. एकदा ओसरीवर अडखळत तुम्ही म्हणालात, "पोरी, चारचौघांत तुझी अब्रू घालवली म्या. माफ कर." मी मान खाली घालून भांडी घासत राहिले. असल्या गोष्टीवर सासऱ्याशी काय बोलायचं?

तोच सल घेऊन तुम्ही गेलात. हा कागद कुठं धाडणार, चुलीतच जाईल. पण पाहुणे उठून गेल्यावर मी दाराआड पदरात तोंड खुपसून बसले होते ना? माझे खांदे हलताना बघून तुम्हाला वाटलं, मी रडतेय. मी हसत होते, मामंजी. सवत टळली म्हणून.