न फळलेली एकतीस झाडं

ओदाबेन, कादेमार्गे
१२ मार्च १९८९

चि. दारकोस, ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आणि खारवलेले मासे पोचले. मासे उत्तम होते. अक्षर मात्र अजून कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखंच आहे.

रेडिओवाला म्हणतो, घानात पामतेल वाढतंय, जो तो नवी झाडं लावतोय. तू संशोधन केंद्रातून आणलेल्या रोपांनाही चार वर्षं झाली. एकशेवीस जगली, पण त्यातली एकतीस फळतच नाहीत. आणि तीच सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवी. फूल येतं, बोराएवढं फळ धरतं आणि घड काळा पडून कुजतो.

लिहायचं खरं कारण अबेनवामावशी. जुनी झाडं पाडली तेव्हा तू खोडांची ताडी काढत होतास आणि ती शेजारी बसून रडत होती. ज्यांनी पोसलं त्यांना आडवं केलंत, आता वर बघत बसाल, असं ती बोलून गेली होती. गावाने तेच धरून ठेवलंय. घराण्याचे कर्ते म्हणून ओफोरीमामांनी तिला शब्द मागे घ्यायला लावले, मेंढा कापला, पूर्वजांना दारू वाहिली. तरी झाडं तशीच. आता लोक म्हणतात, हा नुसता शाप नाही, बाईच चेटकीण आहे. ती नदीवर उतरली की बायका घागरी उचलून निघून जातात. ओहुमच्या सणाला घरातली वडीलमंडळी बसणार आहेत, तिला घराबाहेर काढायचं का ते ठरवायला.

आई गेल्यावर तुला तिनेच पाठीशी बांधून वाढवलं. तू शिकलेला आहेस. तिथल्या शेतीखात्यात जाऊन विचार.

तुझी ताई
अफ्राकोमा

ताकोराडी
२ एप्रिल १९८९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बंदरावर काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. बुंध्याशी राख घालून बघ. आणखी एक वर्ष वाट पाहा, काही झाडं उशिरा धरतात. गावाच्या तोंडाला कोण लागणार? रोपं कुठली, असं मामांनी कधी विचारलं का? सहज विचारतो.

मावशीला माझा नमस्कार सांग.

दारको

ओदाबेन
२१ मे १९८९

चि. दारकोस आशीर्वाद.

राख घातली, झाडं आणखी हिरवी झाली. तुला शेतीखात्यात जा म्हटलं होतं, वैदू हो म्हटलं नव्हतं.

मावशी आता चुलीला हात लावत नाही. तिच्या हातचं सूप मुलं खातील आणि उद्या कुणाला ताप आला तर, म्हणते. परवा मलाच विचारत होती, अफ्राकोमा, मी खरंच काही केलं असेन का? झोपेत माणूस काय करतं, कुणाला ठाऊक? जुनी झाडं पाडायचा हट्ट माझा होता, भोगते आहे ती.

सण जवळ आला. काही तरी कर.

ताई

ताकोराडी
१८ जून १९८९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, ती रोपं मी संशोधन केंद्रातून आणलीच नव्हती. तिथे गेलो तेव्हा रोपं संपली होती, पुढच्या वर्षी या म्हणाले. तू रान मोकळं करून बसलेली. रिकाम्या हाताने कसा परतू? येताना एका मोठ्या मळ्यात घडांनी लगडलेलं झाड दिसलं. त्याच्याखाली गळलेल्या फळांची रोपं आपसूक उगवली होती. जशी आई तशी लेकरं, असं वाटलं. पाटीत भरली आणि केंद्राची म्हणून तुझ्या हाती दिली.

काल एकदाचा शेतीखात्यात गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की तसलं झाड म्हणजे जाड कवचाच्या आणि बिनकवचाच्या झाडाचा संकर. तेवढी एक पिढी भरपूर तेल देते. त्याच्याखालची रोपं लावली की साधारण चारातलं एक वांझ निघतं, आणि तेच सगळ्यांत माजतं. मी तिथल्या बाकावर बसूनच राहिलो.

मावशीने काही केलेलं नाही. केलं ते मी. हे पत्र बैठकीत सगळ्यांसमोर वाच. मामा काय शिक्षा देतील ती मान्य आहे.

अपराधी
दारको

ओदाबेन
३० जुलै १९८९

चि. दारकोस आशीर्वाद.

पत्र वाचलं. मामांनी दोनदा वाचायला लावलं. मग दोन म्हातारे उठून मळ्यात गेले, झाडं मोजून आले आणि चारातलं एक हा हिशोब बरोबर भरतो म्हणाले. शेवटी मामा म्हणाले, अबेनवाला कुणी बोट लावायचं नाही. काल नदीवर दोघी बायका स्वतःहून तिच्याशी बोलल्या.

पण मावशीच मानत नाही. तिने पत्र मागून घेतलं, वाचता येत नसताना बराच वेळ बघितलं आणि कमरेच्या गाठीत बांधलं. म्हणाली, माझा दारको लहानपणापासून दुसऱ्याच्या खोड्या अंगावर घ्यायचा; मला वाचवायला पोराने केवढं खोटं लिहिलं बघ. उरलेल्या झाडांवर आपली सावली नको म्हणून तिने बोचकं बांधलंय. तू येईपर्यंत थांब म्हणून मी पाय धरले, तेव्हा कुठे थांबली आहे.

सगळ्या गावाने तिला सोडलं, ती स्वतःला सोडत नाही. तेव्हा रजा काढून ये. माझा राग मी नंतर सावकाश काढीन. आधी तिच्यासमोर बस आणि तू खोटारडा आहेस हे तुझ्या तोंडाने सांग. पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, कारण तुझ्याबद्दल वाईट ऐकून घ्यायची तिला सवय नाही.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी ताई
अफ्राकोमा