बिनलेपाचा स्फटिक

५ जानेवारी, सोमवार
ठरलं. चुंबकानं सेंद्रिय स्फटिक वाकवून दाखवायचा. पीएच.डी.ची मुदत २८ तारखेला संपतेय. नाही दाखवला तर रजिस्ट्रेशन रद्द, आठ वर्षं पाण्यात. गाईड राधाकृष्ण सर म्हणाले, स्फटिकावर लोहकणांचा लेप द्या, सगळं जग तसंच करतं. ऐकून घेतलं. लोखंड फासून वाकवायला अक्कल कशाला लागते? मी बिनलेपाचाच वाकवणार!

८ जानेवारी
भिंगारच्या भंगारवाल्याकडून डीजेच्या स्पीकरचा चुंबक आणला. रोज पहाटे सहाला लॅबमध्ये. उद्यापासून.

९ जानेवारी, सकाळी ९.४०
थंडी होती. सोमवारपासून.

१३ जानेवारी
स्फटिक झकास आलेत. सुईसारखे. बोटानं दाबले की वाकतात, सोडले की सरळ. चुंबकापुढे मात्र ढिम्म. दोष चुंबकाचा.
घराच्या दारावर पाटी लावली: डॉ. सूर्यभान शेटे. पत्र्याची, ठसठशीत. मोनिका म्हणाली, आधी डिग्री तरी येऊ द्या. बायकोला दूरदृष्टी म्हणून नाही.

१६ जानेवारी
शेजारच्या केशरबाई गुडघा दाखवायला आल्या. मी त्यातला नव्हे म्हटलं, तर म्हणाल्या, मंग पाटी कशाला लावली रं? दार लावून घेतलं. पाटी काढणार नाही.

२१ जानेवारी, दुपारी ३
वाकला!!! बशीतला एक, इतरांपेक्षा जरा मळकट. चुंबक जवळ नेताच कमान झाली, सरकलासुद्धा. लेपाशिवाय! सर म्हणाले, आधी नीट तपासून घ्या. जळतात लेकाचे. बशी कपाटात, किल्ली खिशात. आता थेट कमिटीलाच दाखवणार.

२८ जानेवारी, संध्याकाळ
कमिटीसमोर वाकला. बाहेरून आलेल्या सरांनी पुन्हा वाकवायला लावला, मग भिंग मागितलं. तेवढ्यात लॅबच्या रंगुबाई चहा घेऊन आल्या. बशीत डोकावल्या आणि म्हणाल्या, सर, ही तर माझ्या घासणीची तार हाय, तुमच्या बश्या मीच घासते न्हवं का?
त्यांना विचारलं होतं कुणी?
रजिस्ट्रेशन रद्द. चुंबक काखेत मारून घरी येईपर्यंत डोळ्यांतून सारखं पाणी. थंडीच तशी आहे.

२९ जानेवारी
हरलो असं कुणी समजू नये. पाटी उतरणार नाही, सकाळीच मोनिकाला ठणकावलं. ती भांडी घासत राहिली.
संध्याकाळी कॉलेजातलं कपाट रिकामं करून आलो. स्पीकरचा चुंबक पाटीवर. बरोबर ‘डॉ.’वर. दोन्ही हातांनी ओढला, हलला नाही.
चुंबकात दोष नव्हता तर.