बाबांच्या शर्टाची जागा

कोसाड, सुरत
ता. १९ नोव्हेंबर २०२३

ति. प्रमिलाआत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला की तू तिकडून नुसतं हॅलो-हॅलो करतेस आणि आम्ही इकडे घसा कोरडा करून घेतो, म्हणून हे पत्र. कानाचं मशीन कपाटात ठेवून त्या कपाटाला ऐकू येणार आहे का, तेवढं एकदा सांग. शिवाय पत्राला कापड टाचता येतं, फोनला येत नाही.

पत्रास कारण की आपल्या शीतलला दिवस गेलेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. कतारगामला कुंदनच्या घरी तिचं सगळं नीट चाललंय, सासू गरम गरम शिरा भरवते म्हणे. पण लग्नाला दीड वर्ष झालं तरी बाबांनी अजून आपल्या धाकट्या लेकीचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आई चोरून फोन करते.

मी ठरवलंय, बाळासाठी गोधडी करायची. आयुष्यातली पहिलीच. मोबाइलवर एका बाईचे व्हिडिओ बघते. तिच्या गोधडीत वेडेवाकडे तुकडे, एकाचा आकार दुसऱ्याला जुळत नाही, आणि सांध्यांवर रंगीत दोऱ्याची नक्षी. क्रेझी क्विल्ट म्हणतात त्याला. ती बाई सांगते, आधी थीम ठरवा. मी आठ दिवस थीमच ठरवतेय. मोर घेऊ, समुद्र घेऊ, की नुसत्या निळ्या छटा? धम्मरत्न म्हणाले, तुझी थीम ठरेपर्यंत पोरगं शाळेत जाईल. नवऱ्यांना दुसरं येतं काय!

कापडाची मात्र चिंता नाही. माझ्याकडे साड्यांना लेस लावायचं काम येतं, त्यातल्या चिंध्यांचं पोतं भरलंय. सॅटिन, जॉर्जेट, टिश्यू. सहा नमुने टाचलेत, कुठले शोभतील ते कळव.

आत्या, तुला म्हणून सांगते. या गोधडीत काही करून बाबाही असावेत असं माझ्या मनात आहे. कसे, ते कळत नाही.

रागावायचं तर पत्रात पोटभर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
विशाखा

---

वसमत
ता. २९ नोव्हेंबर

चि. विशाखास,
प्रमिलाआत्याचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

शीतलचं वाचून बरं वाटलं. नमुने बघून मात्र हसावं का रडावं कळेना. हे असलं लेकराच्या अंगाला लावणार तू? एक गालाला लावून बघितला तर खरवडला. दुसरा हातातून सटकला तो पलंगाखाली, आणि काढता काढता माझी कंबर धरली. दोन दिवस तुझ्या नावानं बाम चोळते आहे.

थीम म्हणजे काय ते मी तीनदा वाचलं. आपल्यात एकच रीत आहे बाई. घरात जेवढी जिती माणसं, तेवढ्यांच्या अंगावरचं एकेक जुनं धडुतं. वापरून वापरून मऊ झालेलं, सुती. नवं कापड लेकराच्या गोधडीत घालत नाहीत, नव्यात माणूस नसतो. आणि जितं माणूस एकही वगळायचं नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी नवऱ्याशी महिनाभर बोलत नव्हते, तरी त्याचं धोतर मागून घेतलंच होतं. त्याला तू थीम म्हण नाहीतर आणखी काही म्हण.

माझ्या भावाकडं सुती शर्टांना काय तोटा? भाऊरावनं एकतीस वर्षं लूमवर दुसऱ्यांसाठी पॉलिस्टर विणलं, स्वतःच्या अंगाला कधी लागू दिलं नाही. जा आणि एक माग. मागून घे बरं, चोरून नको. चोरलेलं चालत नाही.

सगळ्यांना माझं विचारलं सांग, आणि पत्र लिहायचा कंटाळा करू नको.

तुझी आत्या,
प्रमिला

---

कोसाड
ता. १७ डिसेंबर

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसले.

सॅटिनचं पोतं बाजूला सारलं. धम्मरत्नची लुंगी, आईची हिरवी साडी, शीतलची शाळेची ओढणी, सगळं गोळा केलं. कुंदनचा शर्ट मागायला गेले तर त्याच्या आईनं आधी विचारलं की हा काही उताऱ्याबिताऱ्याचा प्रकार तर नाही ना. तिला तुझी रीत समजावता समजावता माझा चहा गार झाला. मग मात्र तिनं स्वतःची ओढणीही दिली.

वेडेवाकडे तुकडे लावणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. डोंबल सोपं! चौकोनाला चौकोन कोणीही लावेल. इथं एक कोपरा बसवला की दुसरा उचलतो, आणि जुनं कापड ओढलं की टरकतं. तीनदा उसवलं. बोटं सुजलीत, साड्यांचं काम मागं पडलंय. तरी कडेकडेनं लावत आले आणि मधोमध वीतभर जागा बाबांसाठी ठेवली.

रविवारी लिंबायतला आईबाबांकडे गेले. बाबा खिशाला पेन लावून कोणाचा तरी फॉर्म भरायला निघाले होते. त्यांना सरळ सांगितलं की एक जुना शर्ट हवाय, गोधडीसाठी. त्यांनी विचारलं, कोणासाठी. मी म्हणाले, शीतलच्या बाळासाठी. ते चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, नाही म्हणाले नाहीत हेच पुष्कळ.

परवा आईचा फोन आला. बाबांनी सातही जुने शर्ट गाठोड्यात बांधले आणि गल्लीत आलेल्या भांडेवालीला देऊन टाकले. बदल्यात स्टीलचा डबा आणला. आता घरात लग्नाकार्यात आहेर आलेले दोन पॉलिस्टरचे शर्ट तेवढे उरलेत. आईला म्हणाले, आता कोणी मागायला यायचं नाही. आई त्या डब्याकडे बघतही नाही.

मला त्यांचा राग आलाय आणि तुझाही आलाय. त्या दिवशी निळ्या चौकड्यांचा शर्ट दारातच दोरीवर वाळत होता. हात लांब केला असता तर आज माझ्याकडे असता. पण नाही, चोरलेलं चालत नाही! आता सांग, त्या वीतभर जागेत काय लावू? डबा?

रागात लिहिलंय, पोटात घाल.

तुझी,
विशाखा

---

वसमत
ता. २७ डिसेंबर

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिरसट डोक्याचा आहे माझा भाऊ, जन्मापासून. चौथीत मास्तरनं दुसऱ्याची खोडी याच्या नावावर घातली तर यानं स्वतःचीच पाटी फोडली. मग आठ दिवस बसला वर्गात पाटीवाचून. स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याला धडा शिकवायची खोड, दुसरं काय.

पण तुम्हा दोघी मायलेकींना एक विचारते. त्याला राग नेमका कशाचा आहे, हे कोणी विचारलं का? विहारात उभा राहून जाती मोडून लग्न करा म्हणून सांगणारा माणूस तो. त्याला जावई परक्या जातीचा म्हणून खुपत नसणार. दुसरंच काही आहे. दीड वर्ष सगळे त्याच्याभोवती मांजराच्या पावलानं फिरता आणि विचारत कोणी नाही.

सोबत माझ्या जांभळ्या लुगड्याचा पदर आहे. दुसरी घडी घातलेली चिठी भाऊला दे. तू वाचू नको.

जागा तशीच राहू दे, दुसऱ्या कोणाच्या तुकड्यानं बुजवू नको. माझ्यावर रागाव, पण सुई खाली ठेवू नको.

तुझी आत्या,
प्रमिला

---

कोसाड
ता. २३ जानेवारी २०२४

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

चिठी मी वाचली. वाचू नको म्हणून तू लिहिलंस, मग वाचणारच ना. एवढीच ओळ: भाऊ, डबा बरा आहे का? त्यात ठेवशील काय?

बाबांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पंख्याकडे बघत बसले. मी धीर करून तू म्हणालीस तसं विचारलं, राग कशाचा आहे. त्यांनी पेन काढून हातात धरलं आणि म्हणाले, अख्ख्या वस्तीचे फॉर्म मी भरतो, आणि माझ्या पोरीनं लग्नाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून झेरॉक्सच्या दुकानातली दोन अनोळखी माणसं उभी केली. मी नाही म्हणेन असं तिला वाटलं. तिनं मला ओळखलंच नाही. आत्या, त्यांचा आवाज कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. शेवटी म्हणाले, “सांगितलं असतं तर मीच सहीला आलो असतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाआधी शीतल मला विचारायला आली तेव्हा, बाबांना आत्ता सांगू नकोस, असं मीच तिला म्हणाले होते. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

पुढचं ऐक. दोन रविवार ते जुन्या कपड्यांच्या बाजारात त्या भांडेवालीला शोधत फिरले. ती सापडली, पण शर्ट कधीच पुढे गेले होते. मग पांढरा सुती शर्ट विकत घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हे घे, काप. आणि मी शहाणी! नवं चालत नाही, म्हणून तुझी रीत सांगून बसले. त्यांचा चेहरा असा पडला की जीभ हासडून टाकावीशी वाटली. पिशवी परत घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. बाबांनी तो शर्ट अंगात घातला तो घातलाच. संध्याकाळी स्वतः दगडावर आपटून धुतात, पंख्याखाली वाळवतात, की पुन्हा अंगात. झोपतानाही तोच. कोणी विचारलं तर सांगतात, जुना करतोय. गल्ली हसतेय आणि आई वैतागलीय.

शर्ट जुना व्हायला किती दिवस लागतात? मार्च तर तोंडावर आला. लवकर लिही.

सगळ्या चुका माझ्याच, तरी जवळची म्हण.

विशाखा

---

वसमत
ता. ३१ जानेवारी

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं, मग खरंच आलं.

त्याला सांग, आपटू नको, फाटेल. शर्ट आपटून जुना होत नाही, घामानं होतो. सहा महिने तरी लागतात. लेकरू आधी आलं तर गोधडी थांबू दे. रीत ती रीत, माझ्या भावासाठीही मोडायची नाही.

आणि शीतलला अडवलंस ते त्याला स्वतः सांग. त्यासाठी मी चिठी लिहिणार नाही. रागावेल, पण अजून एक डबा आणायला आता त्याच्याकडं शर्ट उरले नाहीत.

तब्येतीला जप, मला विसरू नको.

आत्या

---

कोसाड
ता. २० फेब्रुवारी

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या ‘रीत ती रीत’नं मी इतकी चिडले होते की उत्तरच लिहिलं नाही. माझी चूक मात्र बाबांना सांगितली. चार दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. आईनं डोक्याला हात लावला, आता एकीच्या दोघी झाल्या म्हणाली.

तेवढ्यात शुक्रवारी पहाटेच शीतलला कळा सुरू झाल्या, तारखेच्या अडीच आठवडे आधी. मी आईला बोलावून घेतलं. बाबांना फोन केला तर त्यांनी ऐकलं आणि बंद केला. झालं, मनात म्हटलं, हेही हातचं गेलं. गोधडी मधोमध भोक घेऊन माझ्या घरी पडलेली, आणि बाळ दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात. मुलगी आहे आत्या, नाक थेट आपल्या घरचं. ते फडकं बघून मला रडूच कोसळलं. तीन महिने बोटं फोडून घेतली ती कशासाठी!

बाहेर आले तर जिन्यात बाबा उभे. तोच शर्ट, खिशाला पेन. आत येईनात आणि जाईनातही. कुंदन बाळाला घेऊन आईला शोधत बाहेर आला आणि बाबांसमोर येऊन थबकला. दोघांचं आजवर एक अक्षर बोलणं नाही. त्या बिचाऱ्याला काय सुचेना, त्यानं बाळ सरळ बाबांच्या हातात ठेवलं.

बाबांनी तिला छातीशी धरलं. फडकं सुटलेलं होतं. तिनं आजोबांकडे पाहिलंही नाही, छातीपासून कंबरेपर्यंत सगळा शर्ट ओला करून ठेवला. नर्स धावत आली, कुंदन सॉरी सॉरी करायला लागला. बाबा जागचे हलले नाहीत. मग बाळ कुंदनकडे दिलं, तिथेच जिन्यात शर्ट काढला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “घे. झाला ना आता जुना?”

आणि तसेच बनियनवर आत गेले. मी मागोमाग. शीतलनं डोळे उघडले. दीड वर्षानं बाप समोर उभा, आणि ही काय म्हणाली असेल? म्हणाली, बाबा, असे उघडे का फिरताय, गार लागेल. बाबा खाटेच्या कडेला बसले आणि तिचं पांघरूण नीट करत राहिले. सहीचं काही बोलले नाहीत.

शर्ट धुतला आणि काल रात्रीपर्यंत लावून संपवला. पिशवीतून निघून चाळीस दिवसही झाले नव्हते, पण सुई लोण्यातून गेल्यासारखी गेली. खिसा उसवला नाही, पेनाच्या शाईचा डाग होता तोही ठेवलाय. तुझा जांभळा पदर त्याला लागून आहे. सहा महिने झाले नाहीत म्हणून तू नाही म्हणशील, तर म्हण. मी ऐकणार नाही.

कान असतील-नसतील तरी बारशाला ये. इथं सगळे मोठ्यानं बोलतात.

तुझीच,
विशाखा

ता. क. तुझ्या चिठीचं उत्तर बाबांनी कळवायला सांगितलंय. डबा बरा आहे. त्यात आईनं केलेले मेथीचे लाडू ठेवलेत, आणि ते स्वतः रिक्षानं कतारगामला पोचवून आले.