वाढत्या अंगाची सायकल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. कंबर धरली आहे, खाली वाकलो तर उठवायला दोघं लागतील. ती का धरली ते पुढे येईलच.) तुझा रक्तदाब आणि दाजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. नसतील तर हे पत्र आधी दाजींनी वाचावं आणि तुला थोडं थोडं करून सांगावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि हे प्रकरण दुसऱ्या वाक्यापासूनच सुरू होतं. शिवाय दुकानातून फोन केला की तुझी भावजय काजं करता करता कान टवकारून बसते. उद्या सकाळी तुमच्या गावी येणाऱ्या बसचा ड्रायव्हर माझं गिऱ्हाईक आहे, त्याच्या हाती पाकीट देतो आहे.

तर मुद्दा असा, की रविवारी तुझ्या लाडक्या भाचीची, म्हणजे आमच्या भिंगरीची, गोल ट्रॅकवर निवडीची शर्यत आहे. पहिल्या चौघींत आली तर संघात जाईल. नाही आली तर वयाचा गट बदलतो आणि हा दरवाजा बंद होतो. आणि आज गुरुवार उजाडला तरी तिच्याकडे बसता येईल अशी सायकल नाही. म्हणजे सायकल आहे. नवीकोरी आहे, निळी आहे, मापं देऊन खास बनवून घेतलेली आहे. मापं मी दिली होती.

तू म्हणशील, मला का नाही विचारलंस? तू ऐन उमेदीत याच ट्रॅकवर बक्षिसं मारलीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माप हे माझं खातं आहे, ताई. उभं आयुष्य गळ्यात टेप घालून काढलं. फ्रेम बनवणाऱ्याने मला विचारलं, की मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं होतं ना, दोन्ही पायांमध्ये पार वर दाबून एक पुस्तक धरलं होतं ना, आणि त्या पुस्तकापासून जमिनीपर्यंत मोजलं होतं ना? माझं डोकंच सटकलं. न्यायाधीशांचे कोट शिवणाऱ्याला हा गृहस्थ पुस्तक धरून माप घ्यायला शिकवणार! मी ताठ मानेने म्हटलं, सगळं झालंय. आणि दिली मापं. पायांची कमरेपासून, पँटची घेतो तशी. हातांची खांद्यापासून, वर कफाची भर. आणि हे सगळं लिहून झाल्यावर, हाताला सवयच आहे म्हणून, सगळीकडे माया सोडली. शिवणीत कापड जास्तीचं दाबून ठेवतो ना, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून, तशी. पोरगी सोळाची, वाढतं अंग. फ्रेमवाल्याला शंका आली, एवढी उंच आहे मुलगी? मी म्हटलं, आमच्या घराण्यात पाय लांबच असतात. (आपल्या घराण्यात स्टुलाशिवाय माळ्यापर्यंत कुणाचा हात पोचलेला नाही, हे तुला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं.)

सायकल आली. भिंगरी दांड्यावरून पाय टाकून उभी राहिली ती चवड्यांवर. सीट पार नळीला टेकेपर्यंत उतरवली, तरी पेडल खाली गेलं की तिची कंबर डावीकडे कलायची, दुसरं गेलं की उजवीकडे. हँडल इतकं लांब, की त्याच्यापर्यंत पोचताना ती दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखी ताणली जायची. कशी आहे, विचारलं तर म्हणाली, "मस्त आहे, बाबा." हे म्हणताना तिने खालचा ओठ चावला, आणि तो चावला की ती खोटं बोलते हे मला ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक आहे. मग मी दुरुस्तीला लागलो. हँडल धरणारा तुकडा काढून आखूड बसवला, सीट पुढे सरकवली. हात सुटले, पण आता गुडघे कोपरांना लागायला लागले. एकीकडे आत घ्यावं तर दुसरीकडे फुगायचं. तुझी भावजय दारात येऊन बघत होती. एवढंच म्हणाली, "आता उसवा."

या सायकलींना ब्रेक नसतो आणि मागचं चाक फिरतंय तोवर पेडलंही फिरत राहतात, थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावायचा, हे तुला मी सांगणं म्हणजे कमाल आहे. पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिली फेरी मीच मारली. (वडीलधाऱ्याने आधी पारखून घ्यावं.) गल्लीच्या टोकाला जरा दम लागला म्हणून सवयीने पाय थांबवले. पेडलं थांबली नाहीत. त्यांनी मला सीटवरून उचललं आणि लाँड्रीवाल्याच्या दारात ठेवलं. कमरेचं हे असं आहे. लाँड्रीवाला अजून मला बघून तोंडावर रुमाल धरतो.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. मंगळवारी संध्याकाळी भिंगरी शाळेमागच्या उतारावरून खाली आली. मी खालच्या वळणावर उभा होतो. उतारावर या सायकलीचा वेग पायांनीच धरून ठेवावा लागतो, आणि तिचे पाय खाली गेले की पुरतच नव्हते. नुसत्या बोटांनी जोर किती लागणार? पेडलं तिला फिरवायला लागली. पाय पट्ट्यांनी बांधलेले, काढायची सोय नाही. वळणावर एक फर्निचरचा टेम्पो उलटा येत होता. मी ओरडलो, पण काय ओरडलो ते आठवत नाही. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला, ती त्याला घासून गेली आणि समोरच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. मी पोचलो तेव्हा चाक फिरत होतं आणि ती त्याच्याखाली होती. गुडघा सोलला, मनगट सुजलं, हाड शाबूत आहे.

तिचा सराव घेणाऱ्या सरांनी सायकल एकदा पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं. शनिवारी संध्याकाळी ते प्रत्येकीची सायकल तपासणार आहेत आणि या निळीवर तिला रेषेवर उभी करणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं. भिंगरी मला एक शब्द बोललेली नाही. भांडली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती शहाण्यासारखी वागते आहे आणि मला घरात बसवत नाही. असो. काही मागायचं म्हणून हे लिहिलं नाही, तेवढंच मन मोकळं केलं. दाजींना नमस्कार. पथ्य पाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली ती तुझी जुनी सायकल, जिला दाजींनाही फडक्यापलीकडे हात लावायची मुभा नाही, ती भिंगरीला दे. अंगापिंडाने पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे. बसच्या टपावर चढवलीस तरी मी उतरवून घेईन. सीट आहे तिथेच राहू दे. मी हात लावणार नाही, शपथ.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. आत्ताच कळलं की भिंगरीने तुला कालच फोन केला, आणि तू सायकल उतरवून, तेलपाणी करून, शनिवारी दुपारी स्वतः घेऊन येते आहेस. मापंही तुला कळवली आहेत म्हणे. अनवाणी, भिंतीशी, पायांत पुस्तक धरून. माप तिच्या आईने घेतलं, माझ्याच दुकानात, माझ्याच टेपने, मी जेवायला गेलो असताना! म्हणजे वरचं सगळं पत्र वाया गेलं. तरी पाठवतो आहे, कारण एक गोष्ट तुला कुणीच सांगितलेली नसणार.

ता. क. तिसरा. शर्यत सुटेपर्यंत मागून सीट धरून कुणाला तरी उभं राहावं लागतं, तुला माहीतच आहे. काल सरावाला (मैत्रिणीची सायकल मागून घेतली होती) मी धरलं होतं. शिट्टी वाजली. बाकीच्या मुली सुटल्या. मी सोडलं नाही. चुकून झालं म्हणालो. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तो उतार डोळ्यांपुढे येतो आणि बोटं आपोआप आवळतात. मला फार भीती वाटते, ताई. सर म्हणाले, दुसरं कुणी धरू दे. त्यावर मंगळवारपासून गप्प असलेली पोरगी मागे वळून न बघता म्हणाली, "नको. बाबाच धरतील." आता मी काय करू? तू फक्त रविवारी माझ्या मागे उभी राहा, आणि शिट्टी वाजली की माझ्या पाठीत सगळा जोर काढून एक धपाटा घाल. चारचौघांत घातलास तरी चालेल. फक्त शिट्टीच्या आधी घालू नकोस. तेवढा वेळ मला तिला धरू दे.