निळ्या लुगड्याचं दुसरं टोक

सोम. २ फेब्रु. बोटीवर

अडकित्ता गेला. म्हणजे काढून घेतला. धक्क्यावर सामानाची तपासणी झाली, तेव्हा कुमुदच्या चंचीतून निघाला. तपासणीवाली मुलगी म्हणाली, "मावशी, धारदार वस्तू वर नेता येत नाही. उतरताना परत मिळेल." कु. म्हणाली, "अगो, पन्नास वर्षांत ह्यांच्यावर नाही चालवला, तुमच्या बोटीवर काय चालवणार?" मागची रांग हसली. मीही हसलो. पण आता उतरेपर्यंत जेवणानंतर सुपारी नाही. हिच्या हातची, केसासारखी कातरलेली. घरी तबकात दोन ढीग असतात. पाहुण्यांना जाड खांडं, मला बारीक. माझे दात होते तेव्हापासून.

लग्नाच्या पन्नाशीची ही भेट लेकीकडून. स्नेहलने फोनवर सांगितलं, "बाबा, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्यात, आता स्वतः बसा." खरंय. श्रीवर्धनच्या स्टँडवर कंट्रोलर होतो, भोंग्यावर गावांची नावं पुकारण्यात सगळी नोकरी गेली. बोट लहान, पण थाट राजवाड्याचा. खोल्या मोजक्या, उशीवर चॉकलेट, न्हाणीघरात टॉवेलचा हंस. कु.ने हंस तसाच ठेवला आणि अंग स्वतःच्या पंच्याने पुसलं. मुंबईहून आपलाच किनारा खाली हरिहरेश्वरापर्यंत, आणि परत. ही म्हणते, "घरापुढून जायचं नि घरी जायचं नाही, ह्याला पैसे?" मी म्हटलं, अगं, समुद्रावरून आपण आपल्याला कधी पाहिलंय?

गुरुवारी संध्याकाळी प्रवाशांचा कार्यक्रम आहे. तिच्यासाठी एक कविता केली आहे. सदऱ्याच्या खिशात आहे. तिला पत्ता नाही.

जेवायला गेलो तर टेबलाशी— नको. उद्या लिहीन.


मंगळ. ३ फेब्रु. मुरूडसमोर

काल लिहवलं नाही ते हे: दत्ता आहे बोटीवर.

आमचा शाळेतला दत्ता. पुढे मालवाहू जहाजांवर गेला, कप्तान होऊन निवृत्त झाला, बायको गेली, मुंबईत एकटा असतो. पाठ ताठ. सगळे दात स्वतःचे. टेबलाशी आला, आधी हिच्याकडे बघितलं. "कुमुद ना तू? खालच्या आळीची?" साठ-बासष्ट वर्षांनंतर! मग माझ्याकडे बोट. "आणि हा... थांब, सांगू नकोस... विसू! लाटवाला विसू!"

लाटवाला. इतक्या वर्षांनी पुन्हा ते नाव.

गॅदरिंगला बाईंनी होडीची कविता बसवली होती. बाकांची होडी. दत्ता नाखवा. कुमुद, माझ्या खालच्या वर्गातली, होडीतली पोर. आणि मी खाली बसून निळं लुगडं हलवत होतो. समुद्र म्हणून. अख्खी कविता मला पाठ, नाखव्याचीही नि पोरीचीही, झोपेतून उठवून विचारावं! पण माझा आवाज फुटत होता. तेव्हा आमच्या वाट्याला लाटा.

खाडीपल्याड मावशी माझी, सोडशील का रे मला?
भाडं काय गं देशील पोरी, वल्ही मारणाऱ्याला?

आजही वर्गातली ती दुपार येते, खडूचा वास येतो. पुढे तीच मुलगी सांगून आली, मी हो म्हटलं. तेव्हा सगळ्यांत आधी मनात आलं ते हेच: आता माझ्या होडीत. आणि पाठोपाठ: दत्ता बोटीवर गेला नसता तर?

सकाळी डेकवर तो हिला शिडं, वारे, खडक समजावत होता. जंजिऱ्याचा दरवाजा जवळ जाईपर्यंत का दिसत नाही, वगैरे. हे मी तिला लग्नाच्या वर्षीच सांगितलंय! तेव्हा म्हणाली होती, "हो का." आज म्हणाली, "अय्या!"

दुपारी द.ने खिशातून डबी काढली. तयार गोड सुपारी, दुकानातली. मी नको म्हटलं. तिने घेतली. वर, "बरी आहे की."

चहाला द.: "गुरुवारी ती होडीची कविता करू या. कुमुद, तू नि मी. विसू, तू लाटा."

टेबल हसलं. कु. म्हणाली, "बघू."

बघू म्हणजे नाही, असं घरी असतं. इथे काय असतं कोण जाणे.


बुध. ४ फेब्रु. दिवेआगरसमोर

गुडघा. लहान होडीने किनाऱ्यावर न्यायचे होते. मी म्हटलं, माझा गुडघा धरलाय, शिडी जमणार नाही. वाटलं, ती म्हणेल मग मीही राहते. तिने मलम चोळलं, पट्टा बांधला, पाय उशीवर ठेवला. "पडा मग तुम्ही. आम्ही जाऊन येतो."

आम्ही!

डेकवर दुर्बीण ठेवलेली असते, पक्षी बघायला. मी पक्षी बघितले नाहीत. शिडी उतरताना द.ने हात पुढे केला. तिने धरला. अर्थात धरायलाच हवा, पाय घसरला असता तर. तरी जरा जास्त वेळ धरला. मग वाळूवर दोन ठिपके, एक पांढरी टोपी, एक हिची डाळिंबी साडी, आणि मधे बाकीची मंडळी, पण मला दिसत होते ते दोनच. मग माडांच्या आत गेले. वादळात आडव्या झालेल्या वाड्या, आता नवी झाडं उंच झालीत. फार चांगली गोष्ट आहे. पण एवढी दाट कशाला लावायची?

परत आली ती लाल होऊन, उन्हाने. ओच्यात शिंपले. "तुमच्यासाठी," म्हणाली. विचारलं, काय बोललात एवढं? "काय बोलणार. त्याच्या बायकोचं. शेवटी फार हाल झाले हो बिचारीचे."

मला लाज वाटली. साधारण अर्धा तास.

मग द. आला. "विसू, तिसरं कडवं आठवेना. बोरांच्या पुढचं. तुला सगळं पाठ असायचं."

आठवतंय. नाखवा विचारतो ते कडवं:

बोरं राहू दे, गाणं राहू दे, एवढं सांग मला
परतताना गं येशील ना तू याच होडीत, बाला?

आणि पोर उत्तर देतच नाही. नुसती हसते. कविता तिथेच संपते.

मी म्हटलं, "नाही रे, मलाही नाही आठवत." कु. समोर शिंपले पुसत होती. मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पुसायला लागली.

रात्री जेवायला जाताना चुकून उजव्या पायाने लंगडलो. पट्टा डाव्याला आहे. हे कोणी पाहिलं नसावं.


गुरु. ५ फेब्रु. श्रीवर्धनसमोर, दुपार

सकाळी हरिहरेश्वर. लांबूनच नमस्कार केला. आता परतीला लागलो आणि बोट आपल्या गावासमोर नांगरून उभी आहे.

किती दिवस ह्या क्षणाची वाट बघत होतो. आणि दिसलं काय? एक हिरवी रेघ. त्यात घर, शाळा, स्टँड, बाबांना नेलं ती वाट, स्नेहलच्या शाळेची फाटकी छत्री, सगळं. हातातल्या पेन्सिलीने झाकलं जातं. गहिवरून आलं. हिला दाखवायला वळलो तर ही त्या टोकाला. द. तिला सांगत होता, जहाजावरून जाताना दरवेळी ह्याच रेघेकडे बघायचो. "रात्री एखादा दिवा दिसला की म्हणायचो, कुमुदच्या आळीतला असेल."

त्या आळीत आणखी पुष्कळ घरं होती.

आज संकष्टी. कु.चा उपास, चंद्रोदयापर्यंत. जन्मात कधी मी धरला नाही. न्याहारीला मी ऑम्लेट मागवलं. द. म्हणाला, "मग मीही आज उपाशी. चंद्र बघूनच जेवू." जगातल्या सगळ्या बंदरांत काय काय खाल्लेला माणूस! आणि ही काय म्हणाली? "बघा. शिका जरा." मला!

दुपारी तळलेले बोंबील होते. रागाने दोनदा घेतले. आता जळजळ.

संध्याकाळी कार्यक्रम. जेवणघरातला निळा टेबलक्लॉथ द.ने आणून ठेवलाय. ही आरशासमोर अंबाड्यात गजरा माळते आहे. बोटीवर गजरा कोणी दिला? विचारणार नाही.

खिशातली कविता वाचून पाहिली. 'होडीत बसलेल्या मुलीला' अशी सुरुवात. आज वाचली तर दोन कविता होतील, एक त्याची नि एक माझी. आणि त्याच्या कवितेत ती स्वतः असेल. नाही वाचत.


शुक्र. ६ फेब्रु. घरच्या वाटेवर, गाडीत

कालचं सगळं नीट, ओळीने लिहून ठेवतो. नाहीतर मी ते मनात बदलेन. माझं तसं होतं, आता कळलं.

सोफा म्हणजे होडी. द.च्या हातात वल्हं, कोट, टोपी. "विसू, तुझी जागा." मी खाली बसलो, गुडघा आता खरोखर कळ मारत होता. कापडाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तो खुर्चीच्या पायाला बांधत होता. "या, कुमुदताई!" टाळ्या. कु. उठली. सोफ्याकडे गेली नाही. खुर्चीपाशी आली, गाठ सोडली, आणि हळूहळू, एक हात टेकून, जमिनीवर बसली.

"मी इथे."

द. म्हणाला, "अगं, तू होडीत!"

"होडीत शरयू होती, माझ्या वर्गातली. मी लाटेला."

"काहीतरीच! मला चांगलं आठवतंय. दोन वेण्या, लाल रिबिनी..."

"रिबिनी माझ्याच. तिला बांधायला दिल्या होत्या."

खोलीभर हशा. मी हसलो की नाही, माहीत नाही. शेवटी पुण्याच्या एक बाई कागद घेऊन होडीत बसल्या. सुरू झालं. लाटा आम्ही हलवल्या, ही तिकडून, मी इकडून. तिसऱ्या कडव्याला द. अडकला. वल्हं थांबलं. माझ्याकडे बघितलं. मला तर आठवत नव्हतं ना! मी कापडाकडे बघत बसलो. आणि तिकडून एक हिसका आला. एकच. म्हणजे बुधवारचं तिला कळलं होतं.

मी म्हटलं ते कडवं. मान खाली घालून, पण माझा स्टँडवरचा आवाज, साऱ्या बोटीला ऐकू गेला असेल. येशील ना तू याच होडीत, बाला? टाळ्या द.ला मिळाल्या. तो पुण्याच्या बाईंना वाकून नमस्कार करत होता.

चंद्र गावाच्या बाजूने आला, त्या हिरव्या, आता काळ्या रेघेवर. हिने उपास सोडला. द.नेही. मग तो झोपायला गेला. मी विचारलं, "खरंच शरयू होती?"

"होती."

"मग मला सबंध आयुष्य तू का दिसतेस होडीत?"

"तुम्ही होडीकडेच बघत होतात. दुसऱ्या टोकाला कोण, ते कुठे बघितलंत? लुगडं माझ्या आईचं होतं. बाई म्हणाल्या, फाटलं तर शाळा जबाबदार नाही. मग मीच धरून बसले. आणि तुम्ही असं हिसडत होतात, वादळ असल्यासारखं. मी अर्धा वेळ तुम्हांलाच शिव्या घातल्या."

"हे पन्नास वर्षांत एकदा सांगायचंस ना! मी उगाच... त्या दत्तावर..."

ती हसली. "जळता तेव्हा जरा माणसांत असता. एरवी कवितेत."

आणि झोपायला गेली.

आज सकाळी द.ला गाठलं. तो छातीवर हात ठेवून सांगतो, कुमुदच होती. "शरयू? शरयू कोण?" शरयू गेली त्याला वर्षं झाली, तिला विचारायची सोय नाही. फोटो तेव्हा कोण काढत होतं?

सकाळपासून डोळे मिटून आठवतोय. प्रत्येक लाट आठवते. लुगड्याचे काठ आठवतात. दुसऱ्या टोकाला मला हातच दिसत नाहीत. तिथे समुद्रच संपतो.

की कालच ठरवलं तिने, आपण लाटेला होतो म्हणून? माझं तोंड बघून? तसं असेल तर ते जास्त चांगलं की जास्त वाईट?

आणि खिशातली कविता आता कोणाला वाचून दाखवू? शरयूला?

अडकित्ता धक्क्यावर परत मिळाला. तो पाकिटातून काढता काढता कु. द.ला म्हणाली, "रविवारी ये जेवायला. एकटा बसून काय करणार? गाव तरी बघ एकदा जमिनीवरून." मी सामान उचलत होतो. "अवश्य," मी म्हटलं. माझा आवाज बराच मोठा आला.


रवि. ८ फेब्रु. घरी

द.चा म्हसळ्याहून फोन आला, तासाभरात पोहोचतो. घरात सोलकढीचा वास, माडीवर धुतलेली चादर, शिंपले कोनाड्यात मांडलेत.

कविता पुन्हा काढली. पहिलं कडवं खोडलं. वर लिहिलं, 'दुसऱ्या टोकाला'. पुढची ओळ येत नाही. दोनदा हिला विचारायला उठलो, तेव्हा तुझ्या हातात बांगड्या कुठल्या होत्या, काचेच्या की... तेवढं कळलं तर सुचेल. पण ती सांगेल, आणि मला ते खरंच वाटेल. बसलो परत.

ती ओटीवर अडकित्ता घेऊन बसली आहे. आपल्याच वाडीतली रोठा सुपारी. कट, कट, न बघता, केसासारखी. मी पेपर धरून मागे उभा. पाहुणा यायचा म्हणजे तबकात दोन ढीग असतात, सगळं आयुष्य बघत आलोय. द.ला सगळे दात आहेत. अख्खी सुपारी फोडील.

ढीग एकच आहे. बारीक.

म्हणजे त्याच्यासाठी कातरलीच नाही? की माझ्यातलीच त्यालाही?

"अहो, काय बघताय मागून?"

"काही नाही."

फाटकाशी गाडी थांबली. तिने तबक उचललं आहे.