अर्थिंगला दोन बादल्या

आई,

तुला पत्र लिहायची मला कधीच सवय नव्हती. तुला वाचता यायचं, पण पाकीट हातात पडलं की तू आधी विचारायचीस, कोण गेलं? म्हणून हॉस्टेलवरून मी कधी लिहिलं नाही, शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवायची. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज रविवारी दुपारी मी खोडदला, तुझ्या बंद गिरणीत, तुझ्याच लाकडी स्टुलावर बसून हे लिहितेय. खरं तर लिहायचं आहे ते दुसरंच पत्र. आमचा लेख ज्या मासिकानं छापला, त्यांना ते जायचं आहे. आणि त्याच्याही आधी माझ्या विद्यार्थिनीला फोन करायचा आहे. तिचा प्रबंध बुधवारी जमा व्हायचाय. त्यातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी आहे आणि तिला अजून काही माहीत नाही. मला गुरुवारपासून माहीत आहे. चार दिवस फोन हातात घेते आणि खाली ठेवते. लई दमलेय गं.

तू मला नेहमी विचारायचीस, तिथं दिवसभर करतीस तरी काय. मी सांगायची, वर आभाळाच्याही पलीकडं धूळ असते, अगदी बारीक, पिठाहून बारीक. तिच्यावर ऊन पडून पडून वीज साठते. ती धूळ एखाद्या यानाच्या पत्र्यावर भयंकर वेगानं आदळली की कणाची जागच्या जागी वाफ होते आणि त्या वाफेतही वीज असते, तिला प्लाझ्मा म्हणतात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजी पीठच की. येवढं शिकून शेवटी हात पिठातच." आणि हसत सुटलीस. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, कारण तुझं बरोबर होतं. आमच्याकडं पोलादाची एक टाकी आहे, आपल्या ज्वारीच्या कणगीपेक्षा लहान. तिच्यातली हवा काढून घ्यायची, आत थाळीवर चिमूटभर धूळ पसरायची, दिव्याच्या झोतानं तिच्यावर वीज चढवायची. धूळ खऱ्या वेगानं फेकायचं यंत्र आपल्याला कुठलं परवडायला, म्हणून आम्ही तिच्यावर लेसरचा फटका मारतो. क्षणभर वाफ उठते आणि तिच्यातली वीज तारेनं टिपून मोजायची. एवढंच. माझी सत्तावीस वर्षं त्यात गेली.

थंडीत सकाळी पहिलं दळण पडलं की तुझ्या हातावरची लव उभी राहायची आणि पीठ तिला चिकटायचं. तू म्हणायचीस, बारीक पीठ डब्याला धरून राहतं, जाडंभरडं खाली पडतं, कितीबी आपटा. कण जितका बारीक तितकं त्याच्या वजनाच्या मानानं विजेचं ओढणं जास्त, हे मी पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवं काही वाटलं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवताना मी तुझा डबाच सांगते.

गिरणी तू एकटीनं चालवलीस. अण्णा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाचं काम नव्हे हे, मोटर आहे, पट्टा आहे. तू जुन्नरच्या वायरमन चाचांना बोलावून घेतलंस आणि दोन दिवस त्यांच्यामागं फिरून सगळं शिकलीस. त्यांनी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या तू देवाच्या दिव्यासारख्या पाळल्यास. एक म्हणजे गिरणीच्या लोखंडाला आधी उलटा हात लावायचा. पंजानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात लांब फेकला जातो. दुसरी म्हणजे मागच्या भिंतीशी जो अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा घालून बुजवलेला, तो उन्हाळ्यात वाळू द्यायचा नाही. सकाळी दोन बादल्या. मोटरमधून करंट गळला तर तो ओल्या जमिनीत उतरतो, जमीन कोरडी असली तर माणसात उतरतो. चाचांनी हे इतक्या साध्या शब्दांत सांगितलं होतं. मी पोरांना अर्धा तास फळ्यावर आकृत्या काढून सांगते.

मी नववीत गेल्यावर त्या दोन बादल्या माझ्याकडं आल्या. गिरणी सुरू करायच्या आधी तू आतून ओरडायचीस, "अर्थिंगला पाणी घातलं का?" आणि मी बाहेरून, "घातलं." मग स्टार्टरचा खटका पडायचा.

डिशवाल्यांचा माणूस आला होता तो दिवसही आठवतोय. आभाळातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या डिशा तेव्हा नव्या होत्या आणि गावाला त्यांचं अप्रूप होतं. तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, ताई, तुमच्या गिरणीत कुठंतरी ठिणगी उडते बहुतेक, आमच्या यंत्राला तिची खरखर ऐकू येते. तू पदर खोचत त्याच्याकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "आमच्या गिरणीचं आभाळापतूर ऐकू जातं व्हय?" तुला अभिमानच वाटला होता. पण तो गेल्याबरोबर तू मोटर बंद केलीस, दळणं घेऊन आलेल्या बायांना परत पाठवलंस आणि चाचांना निरोप धाडलास. संध्याकाळपर्यंत सैल जोडणी आवळून झाली. मी म्हटलं, उद्या केलं असतं तरी चाललं असतं की. तू म्हणालीस, माझ्या खरखरीनं दुसऱ्याच्या कामाचा खोळंबा नको. हे मला गुरुवारपासून सारखं आठवतंय आणि तुझा थोडा रागही येतोय.

आता तो वैशाख. पापडाच्या उडदाची घाई, दारात डब्यांची रांग. तू आत गेलीस, धान्य ओतायच्या पत्र्याच्या तोंडाला उलटा हात लावलास आणि मला फक्त आवाज ऐकू आला. तू मागच्या पोत्यांवर जाऊन पडली होतीस, हात तुझ्या अंगाखाली. कुणीतरी खटका पाडून वीज बंद केली. तुला बसतं केलं तर पहिलं तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "पाणी घातलं व्हतंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय. दोन बादल्या." तू मान हलवलीस आणि डोळे मिटून घेतलेस. कोपर मोडलं होतं. नारायणगावला प्लास्टर घातलं, पण तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. डोक्यावर डबा चढवताना तू शेवटपर्यंत डाव्या हातानं चढवायचीस.

चाचा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मोटर उघडून बघितली, मग मागं गेले. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी खड्ड्यावरची फरशी सरकवली आणि बोट घातलं. मीठ कोरडं ठणठणीत, बोटाला चिकटलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग फरशी परत नीट बसवली, आत आले आणि तुला म्हणाले, "वहिनी, मोटरची वायर उघडी पडली व्हती. माझ्या नजरंतनं सुटलं. चूक माझी हाय." वायर खरंच उघडी पडली होती, ते खोटं बोलले असं नाही. पण गावानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. खोडदची सगळी कामं मंचरच्या एका पोराकडं गेली. तू तेवढी चाचांनाच बोलावत राहिलीस.

प्लास्टर असतानाच एका सकाळी मी बादली उचलली तर तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. रागावली नाहीस. "ऱ्हाऊ दे. मीच घालीन," म्हणालीस. मला वाटलं, माझी दहावी जवळ आली म्हणून. खरंच तसं वाटलं, किंवा मी तसं वाटून घेतलं. त्यानंतर ती आतून येणारी हाक बंद झाली.

आता माझ्या टाकीचं ऐक. आम्ही लेखात म्हटलं होतं की वीज साठलेल्या धुळीवर फटका बसला तर साध्या धुळीपेक्षा जास्त प्लाझ्मा निघतो. चांगला निष्कर्ष होता, लोकांनी वाखाणला. नियम असा की रोज काम सुरू करायच्या आधी थाळीवर काहीच न ठेवता एक कोरा फटका मारायचा आणि तारेत काय येतं ते बघायचं. ते आलेलं नंतर वजा करायचं. साध्या धुळीची मोजमापं आम्ही श्रावणात घेतली, कोऱ्या फटक्यासकट. वीज चढवलेल्या धुळीची घेतली ती पुढच्या चैत्र-वैशाखात, म्हणजे गेल्या वर्षी. कोरा फटका मारायचा म्हणजे टाकी उघडा, थाळी पुसा, परत हवा काढत पाच तास बसा. पोरीनं मला विचारलं होतं, मॅडम, रोज घ्यायचा का? मी म्हटलं, "चालेल गं, पावसाळ्यातलाच धर." ती माझी विद्यार्थिनी. तिनं धरला.

गुरुवारी मी एकटी होते. सहज म्हणून कोरा फटका मारला. थाळी रिकामी, धुळीचा कण नाही आणि तारेत वीज आली. जवळजवळ तेवढीच, जेवढी आम्ही वीज चढवलेल्या धुळीची जादा म्हणून छापली होती. मी खुर्चीत बसून राहिले. मग उठले आणि इमारतीच्या मागं गेले. अर्थिंगच्या खड्ड्यावर वाळलेला पाला, खाली भेगा. लेसरच्या खटक्याचा जो धक्का जमिनीत उतरायला हवा तो उतरत नव्हता, आमच्या तारेत शिरत होता. मी शिपायाकडून बादली मागून घेतली आणि या वयात दोन-दोन करत आठ बादल्या ओतल्या. शुक्रवारी पुन्हा कोरा फटका मारला. तारेत जवळपास काहीच नाही.

पोरगी जुन्नरची आहे, आई. वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान. सहा वर्षं ती माझ्याकडं आहे. जूनमध्ये एका कॉलेजात लागणार आहे, अट एकच, प्रबंध जमा झालेला हवा. काल तिनं मला आभाराचं पान पाठवलं. त्यात लिहिलंय, मॅडम कोऱ्या मोजणीशिवाय एक पाऊल पुढं टाकू देत नाहीत. बहुतेक सगळ्याच पोरी असलं काहीतरी लिहितात. मी ते पान वाचलं आणि सकाळी पहिल्या एसटीनं इकडं आले.

इथवर लिहून मी उठले आणि फोन केला. बाहेर ओट्यावर उभी राहून बोलले, आत रेंज नसते. सगळं सांगितलं, आडवळण घेतलं नाही. तिच्याकडं मागं शिलाईचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.  तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कळलं कधी?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे." ती म्हणाली. "चार दिवस मी संदर्भांचे स्वल्पविराम तपासत बसले होते."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मासिकाला मी आजच तसं कळवते, तुझ्या नव्या कॉलेजालाही मीच लिहीन, जरूर पडली तर जाऊन भेटेन. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, बुधवारी प्रबंध देत नाही, उद्या येते, वैशाखातलं सगळं पुन्हा घेऊ, पावसाच्या आत जेवढं होईल तेवढं, रोज कोऱ्या फटक्यासकट. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, ये तू, तोवर सकाळी लवकर जाऊन मी खड्ड्याला पाणी घालून ठेवते.

ती म्हणाली, "राहू दे, मॅडम. मीच घालीन."

आवाजात राग नव्हता. मी फोन खिशात टाकला आणि आत येऊन बसले. डोळ्यांसमोर तुझा प्लास्टरचा हात होता आणि डाव्या हातातली बादली. तेव्हा मला नव्हतं कळलं गं. आज कळलं.

मासिकाचं पत्र आता लिहीन आणि संध्याकाळच्या आत ते जाईल. त्यांना कारण द्यावं लागेल. लिहीन की उन्हाळ्यात जमिनीचा ओलावा कमी झाल्यानं उपकरणात दोष शिरला, तो वेळेवर लक्षात आला नाही. हे खरं आहे, चाचांचं होतं तेवढंच खरं. तुझं हे पत्र मात्र कुठं टाकणार. तू दळणाचे सुटे पैसे टाकायचीस त्या स्टुलाच्या खणात ठेवून, गिरणीला कुलूप लावून निघेन.

त्या वैशाखात आठवडाभर मी पाणी घातलं नव्हतं. खेळात नव्हते, अभ्यासात नव्हते, विसरलेही नव्हते. हापशी कोपऱ्यावरच होती, आणि मला कंटाळा आला होता. तो पावसाळ्यातलाच फटका धर म्हटलं, तेव्हाही कंटाळाच आला होता, आई. दुसरं काही कारण नव्हतं.