पायाला बांधलेली दोरी

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

ती. वहिनींस,
बारक्याचा नमस्कार.

तुमच्या नावाआधी आता काय लिहावे ते ठरवता आले नाही, म्हणून नुसते वहिनी लिहिले. राग मानू नका.

मी बरा आहे. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. दादाची वायरिंगची दोन कामे अर्धी राहिली होती, तीही पुरी केली. शिडी धरायला कोणी नाही, म्हणून गिऱ्हाइकालाच धरायला लावली. तो म्हणाला, "पडलास तर माझ्या अंगावर पडू नकोस म्हणजे झालं." छकुलीचा खोकला कसा आहे? मामाच्या घरी तिला झोप लागते का?

एक सांगायचे आहे. काल मी सर्फिंग, म्हणजे ते फळीवर उभे राहून लाटेवरून येणे, शिकायला गेलो होतो. त्याच किनाऱ्यावर, त्याच मास्तरांकडे. मी कोण ते सांगितले नाही. तुमचे भाऊ म्हणतात की मास्तरांनी दादाच्या पायाला दोरी न बांधताच त्याला पाण्यात सोडले, म्हणून तो बुडाला, आणि उद्या चौकीत मीही तसेच सांगायचे. जे सांगायचे ते आधी डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

मी अंघोळीलाही तोंडावर तांब्या ओतून घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझे दात वाळूवरच वाजू लागले. मास्तरांनी मला फळीवर पालथे झोपवले. मी फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"अरे, फळी आहे ती, नवरी नव्हे. एवढी मिठी कशाला?"

मग उभे केले आणि काही न सांगता पाठीमागून ढकलले. जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा, आणि दोरी मागच्या पायाला, अशी त्यांची रीत आहे. मी पाय टाकलाच नाही, हातांवर पडलो.

"हात नव्हते विचारले, पाय विचारले होते," मास्तर म्हणाले.

दोरी रबराची असते. एक टोक फळीला, दुसऱ्या टोकाला पट्टा, तो घोट्याला आवळायचा. मी वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दोरी मीच बांधणार. माझ्या बायकोचीसुद्धा मीच बांधतो." त्यांनी बांधून ओढून पाहिली. पाण्याशी गेल्यावर पुन्हा ओढून पाहिली.

मला उभे राहता आले नाही. गुडघ्यांवर आलो आणि लाटेने उलटा केला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. नाकात, घशात पाणी. मी संपलो असे वाटले. तेवढ्यात घोट्याला हिसका बसला. फळी वर तरंगत होती आणि दोरी ताणली गेली होती. त्या दोरीला धरून वर आलो. वहिनी, ती दोरी पायात असली तर माणूस फळीपासून लांब जाऊच शकत नाही.

नंतर मी वाळूवर ओकलो. मास्तर माझी फळी गोड्या पाण्याने धूत होते. "तू त्याचा भाऊ ना?" ते म्हणाले. "पडताना नाक धरतोस. तोही धरायचा." मी मान हलवली. ते बराच वेळ धूतच राहिले. मग म्हणाले, "मी त्याला विचारलं होतं, एवढ्या थंडीत कशाला येतोस बाबा? तर म्हणाला, पाण्यात गेलं की डोकं गप्प होतं. मला वाटलं, गंमत करतोय."

मग त्यांनी दोरी फळीच्या शेपटाभोवती गुंडाळली. गोल, एकाच दिशेने, वेढ्यावर वेढा. त्यांच्या मांडवात ठेवलेल्या सगळ्या फळ्यांवर तशीच होती. मी विचारले, तर म्हणाले रोज संध्याकाळी सगळ्या दोऱ्या तेच गुंडाळतात, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नाही.

दादाची फळी मी चौकीच्या ओट्यावर पाहिली होती. ती रिकामीच किनाऱ्याला लागली होती. सापडली तेव्हाच तिच्यावरही दोरी गुंडाळलेली होती, पट्टा चिकटवलेला होता. त्यावरूनच तुमचे भाऊ म्हणतात की ती सोडलीच नव्हती. पण तिचा एक वेढा सुलट आणि एक उलट होता, आणि शेवट आत खोचलेला. दादा वायर तशीच गुंडाळायचा, म्हणजे पीळ पडत नाही. मी चुकलो की टपली मारून म्हणायचा, "वायरीला पण कंबर असते रे गाढवा, मोडू नको." त्या दिवशी ओट्यावर मला ते दिसले होते, पण मी त्याचा विचार केला नाही. दादाच्या हातची वस्तू म्हणून नुसता बघत राहिलो.

दोरी सोडलीच नसती तर तिच्यावर मास्तरांचे वेढे असते. म्हणजे मास्तरांनी बांधली होती. ती दादाने खोल पाण्यात जाऊन पायातून काढली, सवयीने नीट गुंडाळली, आणि फळी सोडून दिली.

रात्रभर दुसरे काही कारण शोधत होतो. सापडले नाही.

तुम्हाला हे कागदावर कळवतो आहे, कारण समोर बसून माझ्या तोंडून निघाले नसते. त्याने असे का केले ते मला माहीत नाही. मी दिवसभर त्याच्याबरोबर असायचो, मला त्याने कधी काही सांगितले नाही. तो ताटावर नुसता बसून राहायचा ते तुम्ही पाहिले, मीही पाहिले. तुम्हाला काही ठाऊक होते का, असे मी विचारणार नाही.

पण उद्या मी मास्तरांच्या विरुद्ध बोलणार नाही. दोरी बांधली होती असे सांगेन. कोणी काढली असे विचारले तर तेही सांगेन. तुमच्या भावांनी मला त्यांच्या घरात पाऊल ठेवू दिले नाही तरी सांगेन. त्या माणसाकडे आता कोणी शिकायला येत नाही. काल मांडवात मी एकटाच होतो.

छकुलीला मोठेपणी काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. काहीच सांगितले नाही तरी मी मध्ये बोलणार नाही. फक्त मास्तरांनी तिच्या बापाला मारले, एवढे तिला सांगू नका.

तुम्ही दार लावून घेतले तरी तुमचाच दीर,
बारक्या